पोलीस नसलेली 'पोलीस ॲक्शन' : एका साध्या इंग्रजी शब्दाचे अर्थ

थ्रेड

१/
मराठवाड्यातील जुन्या पिढीतील माणसाला जन्मसाल विचारले की पुष्कळदा आकडा येत नाही, एक घटना येते. 'पोलीस ॲक्शनच्या आधी दोन वर्षं' किंवा 'ॲक्शन झाली तेव्हा पाळण्यात होते' असे उत्तर मिळते. ज्या मुलखात शक, फसली आणि इसवी सन अशा तीन कालगणना शेजारी शेजारी चालत, तेथे चौथी कालगणना एका इंग्रजी शब्दाने सुरू केली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी उजाडताना भारतीय सैन्याची एक तुकडी तुळजापूरला पोहोचली. तिच्यात चिलखती दल होते, तोफखाना होता, पायदळाच्या पलटणी होत्या. हा सारा सरंजाम लष्कराचा होता, पोलिसांचा नव्हता. तरीही या मोहिमेला 'पोलीस ॲक्शन' हे नाव का पडले? 'ॲक्शन' या शब्दाचे अर्थ उलगडल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

२/
आधी शब्दाचे कूळ पाहू जावे. 'ॲक्शन'चे मूळ लॅटिन 'आगेरे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ हाकणे, पुढे नेणे, करणे. गुरे हाकण्यासाठीही रोमन माणूस हेच क्रियापद वापरी. संस्कृतातील 'अज्' म्हणजे हाकणे हा धातू त्याचाच दूरचा भाऊबंद. ॲक्ट, ॲक्टर, एजंट, अजेंडा हे सारे याच घराण्यातील शब्द. जो दुसऱ्याच्या वतीने काम करतो तो एजंट, आणि जी कामे करावयाची आहेत त्यांची यादी म्हणजे अजेंडा.

इतिहासाचा योगायोग असा की १९४८ च्या आरंभी भारत सरकारने हैदराबादेत कन्हैयालाल मुन्शी यांना नेमले, तेव्हा त्यांच्या पदाचे नाव 'एजंट-जनरल' होते. एजंट आधी आला आणि ॲक्शन मागाहून आली.

३/
इंग्रजीत या एका शब्दाला अनेक अर्थ आहेत.

• कृती : हा सर्वांत साधा अर्थ. विचाराच्या विरुद्ध टोकाला असलेली गोष्ट.
• दावा : रोमन कायद्यातील 'आक्तिओ' म्हणजे न्यायालयात दाद मागण्याचा हक्क. आजही वकील 'कॉज ऑफ ॲक्शन' म्हणतात, म्हणजे दाव्याचे कारण.
• लढाई : 'किल्ड इन ॲक्शन' म्हणजे लढताना ठार, 'मिसिंग इन ॲक्शन' म्हणजे लढाईत बेपत्ता.
• यंत्रणा : 'बोल्ट ॲक्शन' रायफल म्हणजे खिट्टी मागेपुढे करून चालणारी रायफल.
• क्रिया : न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील क्रिया आणि प्रतिक्रिया.
• आज्ञा : चित्रपटाच्या सेटवर दिग्दर्शक देतो ती.

यांपैकी दुसरा आणि तिसरा अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकच शब्द न्यायालयातही शोभतो आणि रणांगणातही. पुढील सारी कथा याच दुहेरी अर्थावर उभी आहे.

४/
मराठीने हा शब्द घेतला आणि आपल्या पद्धतीने वळवला. बालवाडीत 'ॲक्शन साँग' असते, तेव्हा ॲक्शन म्हणजे हावभाव. गल्लीतील क्रिकेटमध्ये गोलंदाजाची ॲक्शन संशयास्पद ठरते, तेव्हा हात फिरवण्याची लकब. मारामारीचा चित्रपट तो 'ॲक्शन पिक्चर'. आणि 'साहेबांनी ॲक्शन घेतली' असे कचेरीत कोणी म्हणाले की ऐकणारा दचकतो, कारण तेथे ॲक्शन म्हणजे शिक्षा.

या शेवटच्या प्रयोगात इंग्रजीचा ठसा स्पष्ट दिसतो. मराठीत काम 'करतात', इंग्रजीत ॲक्शन 'टेक' करतात. म्हणून मराठीतही ती 'घेतली' जाऊ लागली. कारवाई मात्र 'केली' जाते. इंग्रजी शिकणाऱ्याने हा भेद उलट्या बाजूने ध्यानात ठेवावा : इंग्रजीत ॲक्शनपूर्वी 'डू' चालत नाही, 'टेक' लागते.

५/
कचेरीच्या मराठीत या शब्दाला दोन प्रतिशब्द आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक 'कारवाई', दुसरा 'कार्यवाही'.

'कारवाई' फारसीतून आला. 'कार' म्हणजे काम, 'रवा' म्हणजे चालू असलेले. मूळ अर्थ केवळ काम चालू करणे एवढाच. पण पोलीस, महसूल आणि अबकारीच्या दप्तरांत राहून राहून त्याला दंडुक्याचा वास चढला. 'कार्यवाही' हा संस्कृत वळणाचा शब्द, उच्चाराने त्याच्या जवळचा. आज 'अर्जावर कार्यवाही झाली' म्हणजे काम पुढे सरकले आणि 'अर्जदारावर कारवाई झाली' म्हणजे तो अडचणीत आला.

इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'ॲक्शन' हा एकच शब्द येतो. संदर्भ न पाहता त्याचा अर्थ लावणे म्हणूनच धोक्याचे.

६/
व्याकरणाचा एक साधा मुद्दा येथे कामाला येतो. 'सैन्याने शहर घेतले' या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे आणि क्रियापद आहे. कोणी केले, काय केले, हे उघड आहे. त्याऐवजी 'ॲक्शन झाली' असे म्हटले की क्रिया उरते. कर्ता आणि कर्म दोन्ही अदृश्य होतात.

क्रियेला नाम केले की असे होते. राज्यकर्त्यांना आणि कायदेपंडितांना अशी नामे प्रिय असतात. १६ ऑगस्ट १९४६ हा दिवस मुस्लिम लीगने 'डायरेक्ट ॲक्शन डे' म्हणून पुकारला. नावात ना शस्त्राचा उल्लेख होता, ना शत्रूचा. कलकत्त्यात त्या दिवसापासून हजारो माणसे मारली गेली. 'प्रत्यक्ष कृती' एवढ्या दोन शब्दांत ते काही दिसत नव्हते.

७/
आता जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग : 'पोलीस'. ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर, नगरराज्य. त्यावरून राज्यव्यवस्था, मग लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत. आरंभी इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गणवेशातील शिपाई असा नव्हता. राज्याचा अंतर्गत कारभार आणि सुव्यवस्था असा होता. धोरण या अर्थाचा 'पॉलिसी' हा त्याचा सख्खा भाऊ. लंडनची महानगर पोलीस १८२९ ची आणि हिंदुस्थानातील पोलीस कायदा १८६१ चा. त्यानंतर शब्दाला शिपायाचा चेहरा चिकटला.

पण जुना अर्थ मेला नाही. 'पोलीस' म्हणजे घरातील बाब. शेजाऱ्याशी होते ते युद्ध, घरात होतो तो बंदोबस्त. 'पोलीस ॲक्शन' या शब्दप्रयोगाची सारी ताकद या एका भेदात आहे.

८/
हा शब्दप्रयोग हैदराबादेत जन्मला नाही. २१ जुलै १९४७ रोजी हॉलंडने इंडोनेशियाच्या नवजात प्रजासत्ताकावर सैन्य घातले आणि त्या मोहिमेला 'पोलिसी कारवाई' या अर्थाचे डच नाव दिले. हॉलंडच्या मते इंडोनेशिया त्यांचाच मुलूख, म्हणून तेथे होते ते युद्ध नव्हे, घरचा बंदोबस्त.

हा युक्तिवाद भारताने मानला नाही. ३० जुलै १९४७ रोजी, स्वतः स्वतंत्र होण्यास पंधरवडा असताना, भारताने आणि ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नेला. जो शब्द इतरांच्या तोंडी भारताला खटकला, तोच पुढे चौदा महिन्यांच्या आत भारताच्या मोहिमेला चिकटला. परिस्थिती मात्र वेगळी होती. इंडोनेशिया ही समुद्रापलीकडील वसाहत होती, तर हैदराबाद भारताच्या पोटात वसलेले संस्थान होते आणि तेथील बहुसंख्य प्रजेला भारतात यावयाचे होते.

९/
तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस मैल आणि लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या घरात. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यात मोडत : औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळालेले. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भागही त्या वेळी याच उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये.

घाट उतरले की सोलापूर, म्हणजे मुंबई इलाखा. भवानीच्या दर्शनाला पुणे, कोल्हापूर, सोलापूरकडून येणाऱ्या भाविकाला निजामाची हद्द ओलांडावी लागे, वाटेत करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके लागत, आणि हद्दीच्या आत हाली शिक्क्याचा रुपया चाले. घरची भाषा मराठी आणि दप्तराची उर्दू. अशा मुलखात इंग्रजी शब्द रुजला, हे विशेष.

१०/
१५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद भारतात सामील झाले नाही. त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. संन्यास घेण्यापूर्वी आणि घेतल्यावरही त्यांची काही वर्षे याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून गेली होती.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. इंग्रजीतील त्याचे नाव 'स्टँडस्टिल ॲग्रीमेंट', म्हणजे आहे तेथेच उभे राहण्याचा करार. मुदत एक वर्षाची होती. राजकीय भाषेतील गंमत पाहावी : एका बाजूला 'स्टँडस्टिल' म्हणजे हालचाल बंद, आणि तो करार संपण्यापूर्वीच 'ॲक्शन' म्हणजे हालचाल सुरू. या दोन इंग्रजी शब्दांच्या मधले साडेनऊ महिने मराठवाड्याने सोसले.

११/
त्या महिन्यांचा शब्द 'रझाकार'. अरबी 'रझा' म्हणजे राजीखुशी, फारसी 'कार' म्हणजे काम. स्वेच्छेने काम करणारा तो रझाकार, मराठीत स्वयंसेवक. 'कारवाई'तील 'कार' तोच हा. कोशात पाहिले तर शब्द निर्मळ आहे.

इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाच्या निमलष्करी दलाने हा शब्द धारण केला. त्याचा सर्वेसर्वा कासिम रझवी हा लातूरचा वकील. या दलाने गावे लुटली, माणसे मारली आणि शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. मराठवाड्यात 'रझाकारी' म्हणजे अंदाधुंदी, आणि एखाद्याला 'रझाकार' म्हणणे ही शिवी. त्यांचा विरोध करणारा मुसलमानही सुरक्षित नव्हता. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

१२/
हद्दीवरील प्रदेश सर्वांत अस्वस्थ होता. सोलापूर आणि बार्शीच्या बाजूने, मुंबई इलाख्याच्या जमिनीवर, स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सशस्त्र छावण्या उभारल्या. लोक त्यांना 'कॅम्प' म्हणत. हाही इंग्रजीच शब्द. तेथून निजामाच्या नाक्यांवर आणि ठाण्यांवर छापे पडत, आणि अलीकडून पळून आलेली कुटुंबे आश्रयाला येत.

हद्दीची रेषा सरळ नव्हती. इलाख्याची काही गावे संस्थानाने वेढलेली होती. अशाच नानज येथे २४ जुलै १९४८ रोजी भारतीय जवानांवर हल्ला झाला. दिल्लीत आता प्रश्न सैन्य पाठवायचे की नाही हा उरला नाही. केव्हा पाठवायचे आणि कोणत्या नावाने, हा उरला.

१३/
नावाचा प्रश्न शब्दच्छलाचा नव्हता. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तारेने तक्रार केली. हैदराबादचा दावा असा, की ते स्वतंत्र राज्य आहे आणि भारताशी त्याचा आंतरराष्ट्रीय वाद आहे. हा दावा मान्य झाला असता, तर भारतीय सैन्याचे पुढचे पाऊल आक्रमण ठरले असते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोन कलमे आहेत. एक दुसऱ्या राज्यावर बळ वापरण्यास मनाई करते. दुसरे सांगते, की एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारात येणाऱ्या गोष्टीत संयुक्त राष्ट्रे हस्तक्षेप करणार नाहीत. 'युद्ध' म्हटले की पहिले कलम लागू. 'पोलीस ॲक्शन' म्हटले की दुसरे. लष्कराच्या आतील नाव वेगळेच होते : 'ऑपरेशन पोलो'. जगासमोर आणि लोकांसमोर मात्र 'पोलीस ॲक्शन' हेच नाव राहिले.

१४/
१३ सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास मोहीम सुरू झाली. मुख्य फौज सोलापूरहून हैदराबादच्या सडकेने निघाली. तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हा तिचा पहिला अडथळा. बोरी नदीवरील पूल उडवला गेला असता, तर सारी फौज खोळंबली असती. तो अभंग हाती आला. नळदुर्गची ठाणी घेऊन चिलखती दल जळकोटवरून पुढे सरकले आणि त्याच दुपारी उमरग्याला पोहोचले.

दुसरी तुकडी घाट चढून तुळजापुरावर आली. तिच्यात पंजाब, गुरखा आणि मेवाड पलटणींचे पायदळ होते. समोर निजामाच्या पायदळाचे एक पथक आणि सुमारे २०० रझाकार होते. दोन तास गोळीबार झाला आणि मग त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे लोहाऱ्याकडे जाणारी वाट नदीच्या पुराने अडवली. भाद्रपद चालू होता. भवानीचे शारदीय नवरात्र सुमारे तीन आठवड्यांवर आले होते.

१५/
पाच दिवसांत सारे आटोपले. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. १८ सप्टेंबरला संस्थानाच्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल एल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि चौधुरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले.

हे पदनामही बोलके आहे. मोहीम 'पोलिसांची' आणि तिच्यानंतरचा गव्हर्नर मात्र 'लष्करी'. शब्दाने झाकलेली गोष्ट दुसऱ्या शब्दाने उघडी पडली. कासिम रझवीला अटक होऊन पुढे शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

१६/
इकडे तुळजापूर आणि उमरगा मागे पडले असताना तिकडे पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक १६ सप्टेंबरला भरली. हैदराबादचे शिष्टमंडळ मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली हजर होते. भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली : हैदराबाद हे स्वतंत्र राज्य कधीच नव्हते, म्हणून त्याची तक्रार परिषदेपुढे येऊच शकत नाही.

परिषद निर्णयाला येण्यापूर्वी रणांगणावरील निर्णय लागला होता. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याची तार केली. म्हणजे 'ॲक्शन'चा एक अर्थ दाव्याचा आणि दुसरा लढाईचा. पॅरिसमधील दावा तुळजापूरच्या वाटेवरील लढाईने निकालात काढला.

१७/
गावांना हे कायदेशीर बारकावे ठाऊक नव्हते. त्यांना एवढे दिसले, की काल जो बंदूक घेऊन दारात उभा होता तो आज नाही. ज्यांनी वर्षभर शेत सोडून सोलापूर-बार्शीला आसरा घेतला होता, ते घरी परतले. त्यांच्या तोंडी 'ॲक्शन' या शब्दाला सुटकेचा अर्थ आला. बंदोबस्त, भय आणि पलायन यांचा शेवट म्हणजे ॲक्शन.

म्हणूनच तो कालगणनेचा शब्द झाला. दप्तराच्या उर्दूतून नव्हे, पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर लोकांच्या तोंडूनच तो पुढच्या पिढीत गेला. निरक्षर माणसाच्या मराठीतही तो बसला. मात्र ही या शब्दाची एकच बाजू आहे, आणि इतिहास वाचणाऱ्याने दुसरी बाजू टाळू नये.

१८/
ॲक्शननंतरच्या आठवड्यांत अनेक गावांत सूड घेतला गेला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा बदला ज्यांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. मोहिमेच्या काळात आणि नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली.

अहवालात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद आहे, काही जवानांवरील आरोप आहेत, दंगेखोरांना आवरणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचे श्रेय आहे आणि मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचे दाखलेही आहेत. सरदार पटेलांना हे निष्कर्ष मान्य नव्हते. अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

१९/
त्यामुळे एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत, या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एका घरात 'ॲक्शन झाली आणि आम्ही परत आलो'. दुसऱ्या घरात 'ॲक्शन झाली आणि आमचे आजोबा परत आले नाहीत'. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

त्या पाच दिवसांना नावेही किती पडली, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. हैदराबादच्या उर्दू लेखनात 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचा पाडाव. तेलंगणात कोणी 'विमोचन' म्हणतो तर कोणी 'एकात्मता'. कर्नाटकात २०१९ पासून हाच दिवस कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा होतो. मुक्ती, पाडाव, विलीनीकरण आणि ॲक्शन या चार शब्दांची तारीख एकच, पण प्रत्येकात बोलणारा वेगळा.

२०/
शब्द मराठवाड्यात थांबला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये हॉलंडने इंडोनेशियात दुसरी 'पोलिसी कारवाई' केली आणि जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी तिच्या निषेधार्थ दिल्लीत आशियाई परिषद भरवली. २९ जून १९५० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना एका वार्ताहराने विचारले, की कोरियातील मोहिमेला संयुक्त राष्ट्रांची पोलीस ॲक्शन म्हणावे काय? त्यांनी होकार दिला. ती 'ॲक्शन' तीन वर्षे चालली आणि तिने लाखो बळी घेतले.

हॉलंडमध्ये या जुन्या नावाचा हिशेब अनेक वर्षांनी झाला. त्या काळातील डच सैन्याच्या टोकाच्या हिंसाचारावरील संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पंतप्रधान मार्क रुटे यांनी इंडोनेशियाची माफी मागितली. नाव सौम्य असले म्हणून घटना सौम्य होत नाही, हे मान्य करायला पाऊण शतक लागले.

२१/
मग 'पोलीस ॲक्शन' हा खोटा शब्द होता काय? तसे म्हणणे सोपे, पण अपुरे ठरेल. कायद्याच्या भाषेत त्याला अर्थ होता : भारताच्या दृष्टीने हैदराबाद ही घरातीलच बाब होती, आणि मोहिमेनंतर संस्थान भारतात राहिले ते तेथील बहुसंख्यांच्या इच्छेनेच. लष्करी भाषेत तो अपुरा होता, कारण तोफा पोलीस ठाण्यात नसतात. आणि लोकांच्या भाषेत तो दोन तोंडांनी बोलणारा राहिला.

शब्द खोटे क्वचितच असतात. अर्धे मात्र पुष्कळदा असतात. 'ॲक्शन' हा तसा अर्धा शब्द आहे. त्यात क्रिया आहे. कर्ता आणि कर्म वाचणाऱ्याने शोधायचे असतात.

२२/
इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा शब्द भेटला की तीन प्रश्न विचारावेत. कोणी केले? कोणावर केले? आणि हे नाव कोणी दिले? वर्तमानपत्रात 'कडक ॲक्शन' वाचताना, सरकारचा 'ॲक्शन टेकन रिपोर्ट' म्हणजे कृती अहवाल चाळताना, जगातील एखाद्या नव्या मोहिमेचे सौम्य नाव ऐकताना हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक करावे. सोलापूरहून तुळजापूरला घाट चढताना, किंवा नळदुर्गला बोरी नदीचे पात्र ओलांडताना, १३ सप्टेंबर १९४८ ची पहाट आठवावी. घरात, शेजारात ॲक्शन पाहिलेले कोणी असेल, तर त्यांचे वाक्य पूर्ण ऐकून घ्यावे आणि लिहून ठेवावे. त्या वाक्यातील कर्ता आणि कर्म सांगू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

#मराठवाडा #तुळजापूर #शब्दांचाइतिहास